समुद्र न दिसणाऱ्या मुलखातले वादळ

आसनगाव स्थानकाबाहेर पडले की आधी नजरेत भरतात ते माहुलीचे सुळके. तिथून शहापूर, मग किन्हवलीवरून सरळगाव, मुरबाड, धसई, टोकावडे आणि शेवटी माळशेजचा पायथा, असा हा माझा रस्ता. तो भातखाचरांतून, सागाच्या जंगलांतून, वीटभट्ट्यांच्या आणि कातकरी-ठाकरांच्या वाड्यांच्या कडेने जातो. या वाटेवर समुद्राची एकही खूण नाही. मासळी वाळवायच्या वलांड्या नाहीत, नारळी-पोफळीच्या बागा नाहीत, खारा वारा नाही. पश्चिमेचा किनारा इथून सरळ रेषेत साधारण साठ किलोमीटरवर राहिला. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि उत्तन-भाईंदरचा तुकडा व खाड्या सोडल्या तर ठाण्याचा समुद्रही गेला. त्यामुळे चक्रीवादळाचा विषय निघाला की श्रीवर्धन, अलिबाग, मुरुड, वसई, सातपाटी ही नावे येतात. शहापूर-मुरबाडचे नाव कुणी घेत नाही. हा मुलूख पाहताना माझ्या मनात मात्र पक्के होत गेले की ही यादी अपुरी आहे. अरबी समुद्रातले वादळ या दोन तालुक्यांपर्यंत येते आणि नासधूस करून जाते. फरक इतकाच की किनाऱ्यावर त्याची ताकद वाऱ्याच्या वेगात मोजतात, आणि इथे ते कोणत्या आठवड्यात आले यावर सगळे ठरते. हे मान्य केले, तर इथले बरेचसे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, हेही मान्य करावे लागेल.

आधी घडलेले पाहू. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर, ऐन दिवाळीत, ‘क्यार’ कोकण किनाऱ्याला समांतर सरकून ओमानच्या दिशेने निघून गेले आणि पाठोपाठ ‘महा’ आले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि ईशान्येकडे निघाले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेला गेले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ दूर समुद्रातून कच्छकडे गेले. यातले एकही वादळ ठाणे जिल्ह्यात किनाऱ्यावर आले नाही. तरी प्रत्येकाचा हिशेब शहापूर-मुरबाडच्या शेतात आणि घरात मांडावा लागला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि त्याच काळात बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली. पश्चिम किनाऱ्याला वादळ क्वचितच लागते, ही आपल्या आजोबांच्या पिढीची समजूत त्यांच्या काळापुरती बरोबर होती. आज तिच्यावर विसंबून राहणे परवडणारे नाही.

आता या तारखा भाताच्या कामांशेजारी ठेवून पाहाव्यात. आपल्याकडच्या समुद्रांत वादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पाऊस सरल्यावर. शहापूर-मुरबाडचा शेतकरी वर्षात दोनदाच सर्वांत उघडा पडतो, तोही याच दोन वेळी. पहिली वेळ आगोटीची. तेव्हा घर शाकारायचे असते, राब भाजून झालेला असतो, बी धुळीत पडायच्या बेतात असते. दुसरी वेळ कापणीची. हळवे भात आधी निघते, मग निमगरवे, मग गरवे. दसऱ्यापासून कार्तिकापर्यंत कुठले ना कुठले खाचर कापणीला आलेले असतेच. उभे पीक वारा बऱ्यापैकी सोसते, आणि घरात पडलेले धान्य सुरक्षित असते. या दोन अवस्थांच्या मध्ये, कापून खाचरात पसरलेले किंवा खळ्यावर रचलेले भात कशाच्याही आडोशाला नसते. वर्षभराचे धान्य त्या चार-सहा दिवसांत आभाळाखाली असते. किन्हवली ते सरळगाव हा पट्टा कापणीच्या दिवसांत पाहिला की हे नीट कळते. एका खाचरात पीक उभे, शेजारच्यात कडपे पसरलेले, त्यापलीकडे उडवी रचलेली, आणि बांधावर एका बाजूला जुने ताडपत्रीचे तुकडे. वर्षाचे सगळे कष्ट एवढ्या उघड्यावर असताना पाऊस आला, तर तो ताशी किती किलोमीटरच्या वाऱ्याबरोबर आला, याला अर्थ उरत नाही.

भिजलेल्या भाताचे पुढे काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. कडपा खाचरातल्या पाण्यात एक-दोन दिवस राहिला की लोंबी मातीला चिकटते. उबेने दाण्याला मोड येतात आणि मोड आलेला दाणा ना भरडायच्या कामाचा, ना बियाण्याच्या. जो दाणा मोडातून वाचतो तो वाळवून गिरणीत नेला तरी भरडताना फुटतो आणि तांदळाच्या जागी कण्या हाती येतात. आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर भातातला ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो, म्हणजे ओले भात तिथेही चालत नाही. ते व्यापारी सांगेल त्या भावाने द्यावे लागते. पेंढा काळा पडतो, त्याला बुरशी येते, आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. म्हणजे घरचा तांदूळ गेला, पुढच्या वर्षाचे बी गेले आणि उन्हाळ्याची वैरणही गेली. शिवाय चिखल झालेल्या खाचरात पुढचा वाल किंवा हरभरा वेळेवर टाकता येत नाही. पुराने वाहून गेलेले घर एका फोटोत दिसते. मोड आलेल्या कडप्याचा फोटो दुरून हिरवागार आणि सुंदर दिसतो, म्हणून हे नुकसान कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

वाऱ्याच्या वेगावरून इथल्या नुकसानीचा अंदाज का बांधता येत नाही, हे ‘फयान’ आणि ‘क्यार’ शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते. हवामान विभागाच्या मोजपट्टीत ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वाऱ्याचे ते साधे चक्रीवादळ, आणि २२२ च्या पुढे गेले की महाचक्रीवादळ. ‘फयान’ या पट्टीच्या तळाच्या पायरीवर होते. ‘क्यार’ सर्वांत वरच्या पायरीवर पोचले, पण भर समुद्रात, आपल्यापासून दूर जाताना. एक दुबळे वादळ कोकणच्या किनाऱ्यावर चढले, दुसरे अतिबलाढ्य वादळ किनाऱ्याला शिवलेही नाही. तरी दोन्ही वेळा भाताच्या मुलखात एकच दृश्य होते. खाचरात तरंगणारे कडपे आणि खळ्यावर भिजलेल्या उडव्या. वाऱ्याचा वेग आणि नुकसान यांचे नाते जर सरळ असते, तर असे घडले नसते. ‘बिपरजॉय’चे उदाहरण याहून बोलके आहे. त्याने इथे पाऊस आणला नाही, उलट मान्सूनच्या वाटचालीत खोडा घातला. मान्सून ११ जूनच्या सुमारास रत्नागिरीला येऊन थबकला आणि मुंबई-ठाण्यात २५ जूनला पोचला. धूळवाफेवर पेरलेले बी तेवढे दिवस कोरड्या मातीत पडून राहिले, आणि टँकरवरची गावे आणखी दोन आठवडे टँकरवरच राहिली. वादळ म्हणजे वारा आणि पाणी, एवढ्यावर थांबणारी व्याख्या या मुलखाला पुरत नाही. पावसाच्या वेळापत्रकात जे जे ढवळाढवळ करते, ते इथे वादळच असते.

मे-जूनची वादळे घरावर येतात. माहुलीच्या पायथ्याकडच्या, डोळखांबच्या बाजूच्या किंवा सिद्धगडाच्या अंगणातल्या वाड्यांत अजून कारवीच्या कुडाची घरे दिसतात. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर शेणमातीचा गिलावा द्यायचा, वर साग-ऐनाचे वासे, रिपा आणि कौले. हे घर पावसाळा आरामात काढते, कारण ते दर वर्षी मे महिन्यात शाकारले जाते. कौले उतरवून चाळायची, फुटकी बदलायची, कुजलेली रीप काढायची, भिंत लिंपायची. ‘तौक्ते’ आले १७ मेला, म्हणजे बहुतेक घरांची ही कामे अर्धवट असताना. ‘निसर्ग’ आले ३ जूनला, शाकारणी उरकत आली असताना, आणि टाळेबंदीमुळे हाताला काम व गाठीला पैसा नसताना. ज्यांनी कौलांऐवजी सिमेंटचे किंवा लोखंडी पत्रे घातले त्यांची गत वेगळी, पण बरी नाही. कौल उडाले तर एक कौल उडते. पत्रा आकड्यातून सुटला की अख्खा उडतो आणि ज्याच्यावर पडतो त्याला कापतो. पत्र्यावर वजनाला दगड आणि जुने टायर ठेवलेले घर या रस्त्यावर जागोजागी दिसते. शासनाच्या घरकुलांनाही बऱ्याच ठिकाणी पत्र्याचेच छप्पर असते. घरात साठवलेला लाकूडफाटा, गोवऱ्या, मीठ-मिरची आणि बियाण्याची कणगी, ही आगोटीची सारी बेगमी त्या एका छपराखाली असते. छप्पर गेले की पावसाळ्याची सगळी तयारीच भिजते.

वीटभट्टीवरचा कातकरी या हिशेबात कुठेच येत नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे बयाणा घेऊन भट्टीवर जातात आणि पाऊस लागायच्या आधी आपल्या वाडीवर परततात. मेच्या मध्यावर त्यांचा हंगाम संपत आलेला असतो. आवारात थापलेल्या कच्च्या विटा वाळत असतात, आणि शेजारी त्यांची पेंढ्याची, प्लास्टिकची खोपटी. मजुरी थापलेल्या हजारामागे ठरते. एका रात्रीच्या पावसाने कच्ची वीट पुन्हा माती होते. मालकाचे नुकसान मोठे असते हे खरेच, पण ज्याने ती वीट थापली त्याचा बयाणा फिटला की नाही, हा प्रश्न त्या मातीत मिसळून जातो, आणि तो पुढच्या वर्षीच्या बयाण्याला जाऊन जोडला जातो. त्याच आठवड्यात रानात करवंदे, जांभळे, आंबे असतात. महामार्गाच्या कडेला पानाच्या द्रोणात ती विकून ठाकर आणि कातकरी बायका आगोटीची मिठामिरची भरतात. वाऱ्याने फळ गळून पडते आणि पावसाने सडते. या झाडांचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो, त्यामुळे त्या फळाच्या नुकसानीला कागदावर जागाच नाही.

माळशेजच्या पायथ्याशी उभे राहिले की वादळ इथवर का येते, हे भूगोल स्वतःच दाखवतो. जमिनीवर आल्यावर वादळाला समुद्राची ऊब मिळेनाशी होते, डोंगर-झाडीच्या घर्षणाने वारा मंदावतो आणि काही तासांत त्याचा दर्जा उतरतो. पण त्याने वाहून आणलेली वाफ कुठे जात नाही. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने सरकणारे वादळ तीन तासांत किनाऱ्यावरून सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचते. तिथे डोंगर त्या ढगांना वर ढकलतो, वर जाऊन ते थंडावतात आणि रिकामे होतात. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल याच मुरबाडच्या मैदानातून नाणेघाटाने जुन्नरला चढत असे. समुद्र आणि घाट यांच्यामधला हा तालुका तेव्हापासून समुद्राशी जोडलेला आहे. ‘निसर्ग’ याच दिशेने ईशान्येला गेले आणि घाटावर मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत त्याने हरितगृहे, शाळांची छपरे, घरे मोडली. त्यातली बहुतेक गावे समुद्रापासून मुरबाडपेक्षाही लांब आहेत. जगातही हेच दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘यागी’ हे टायफून व्हिएतनामच्या उत्तर किनाऱ्यावर आले, आणि तीन दिवसांनी लाओ काई या डोंगरी प्रांतात लांग नू हे गाव दरडीखाली गेले. त्याच महिन्यात ‘हेलीन’ अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चढले, आणि शंभरहून अधिक बळी गेले ते उत्तर कॅरोलायनात, मुख्यतः ॲशव्हिलच्या आसपासच्या डोंगरी भागात. दोन्हीकडे लोकांची नजर किनाऱ्यावर होती आणि घात डोंगरात झाला.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. किनाऱ्यावरचे नुकसान कितीतरी मोठे असते. श्रीवर्धन-म्हसळ्यात ‘निसर्ग’ने पोफळीच्या बागा आडव्या केल्या, त्या पुन्हा उभ्या राहायला वर्षे लागतात. ‘तौक्ते’त मुंबईपलीकडच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे गेली. अशा वेळी मर्यादित पैसा आणि माणसे आत वळवणे हा अन्याय नाही का? मला हा आक्षेप मान्य आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही. जीव वाचवण्याची पहिली धाव किनाऱ्याकडेच हवी, बचाव पथके तिथेच हवीत. मात्र दोन्हीकडच्या गरजा एका जातीच्या नाहीत, म्हणून एकाचे काढून दुसऱ्याला द्यायचा प्रश्नच येत नाही. किनाऱ्याला निवारा केंद्रे, भूमिगत वीजवाहिन्या, धूपप्रतिबंधक बंधारे लागतात. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून अशी कामे झाली आणि ती योग्यच होती. शहापूर-मुरबाडला लागतात ते चांगल्या ताडपत्र्या, छपराला बांधायची तार, वाडीत एक पक्की जागा आणि वेळेवर मिळालेला निरोप. हा खर्च किनाऱ्याच्या खर्चाच्या पासंगालाही पुरणार नाही. तो होत नाही तो पैशाअभावी नव्हे. हा भाग वादळाच्या यादीतच नसल्यामुळे त्याचा विचार होत नाही.

दुसरा आक्षेप असा की याला वादळ कशाला म्हणायचे, हा तर अवकाळी पाऊस. अवकाळी दर वर्षीच कुठे ना कुठे येतो, त्याचा समुद्राशी संबंध जोडून काय साधणार? साधणार ते हे की अवकाळी पाऊस दुपारी गडगडतो आणि संध्याकाळी पडतो, त्याची दोन-तीन दिवस आधी खात्री देता येत नाही. चक्रीवादळाची देता येते. ‘निसर्ग’चे कमी दाबाचे क्षेत्र ३१ मेला तयार झाले, ते किनाऱ्यावर आले ३ जूनला. ‘तौक्ते’ १४ मेपासून हवामान विभागाच्या नोंदीत होते, मुंबईजवळून गेले १७ मेला. तीन दिवसांत एका कुटुंबाला खूप काही करता येते. कापणी दोन दिवस पुढे ढकलता येते, कारण उभे पीक कापलेल्या पिकापेक्षा पाऊस बरा सोसते. पसरलेले कडपे गोळा करून उंचवट्यावर उडवी रचता येते. शाकारणीला उतरवलेली कौले पुन्हा चढवता येतात. इथल्या नुकसानीची गाठ समुद्रातल्या वादळाशी घातली, तर अचानक कोसळलेल्या संकटाच्या जागी तीन दिवसांची मुदत हाती येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मुदत भरपाईपेक्षा मोलाची आहे.

मग तिसरा आक्षेप येतो: इशारे तर मिळतातच. हवामान विभागाच्या इशाऱ्यांचे चार टप्पे आहेत आणि चौथा, वादळ किनाऱ्यावर येण्याच्या साधारण बारा तास आधीचा, मुद्दाम आतल्या जिल्ह्यांसाठी असतो. वादळ किनाऱ्यावर थांबत नाही हे शास्त्राला ठाऊक आहे आणि त्याने ते पद्धतीतही आणले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण हा इशारा जिल्ह्याच्या नावाने निघतो. ठाणे जिल्हा म्हटल्यावर त्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगरची वस्ती येते, आणि सूचना निघतात त्या शहरी माणसासाठी: झाडाखाली थांबू नका, गाड्या लावू नका, समुद्रावर जाऊ नका. कडपे गोळा करा, कौले पुन्हा चढवा, भट्टीवरच्या कुटुंबांना शाळेत आणा, अशी सूचना त्यात नसते. शिवाय डोंगराच्या पोटातल्या वाडीत मोबाइलला रेंज नसते आणि वादळाच्या आदल्या संध्याकाळीच वीज गेली तर भ्रमणध्वनीवरचा कोणताही इशारा निरुपयोगी ठरतो. पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार ही प्रत्येक वाडीला ठाऊक असलेली माणसे आहेत. भाताच्या भाषेत लिहिलेला चार ओळींचा निरोप त्यांच्यामार्फत गेला, तर तो ऐकला जाईल.

नुकसान झाल्यावर काय होते, यातही किनारा हीच मापाची पट्टी दिसते. ‘निसर्ग’नंतर राज्याने मदतीचे निकष वाढवले. फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. रायगडला तातडीचे १०० कोटी जाहीर झाले. हे झालेच पाहिजे होते. त्याआधी सातच महिने, ‘क्यार’ आणि ‘महा’च्या पावसानंतर, खरीप पिकाला हेक्टरी ८ हजार रुपये ठरले होते. आता हे ८ हजार मुरबाडच्या एखाद्या खाचरावर उतरवून पाहा. हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे. ज्याचे भात २० गुंठ्यांत आहे त्याच्या वाट्याला १,६०० रुपये येतात. त्यासाठी ३३ टक्क्यांवर नुकसान दिसले पाहिजे, तलाठ्याचा पंचनामा झाला पाहिजे, सातबारावर नाव पाहिजे. अर्धेलीने कसणाऱ्याचे, तोंडी बोलीवर जमीन केलेल्याचे, वनहक्काचा दावा अजून लटकलेल्याचे नाव तिथे नसते. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर, आणि पाऊस मोजणारे स्वयंचलित केंद्र मंडळाला एक. सह्याद्रीच्या कुशीत एका दरीत ढग फुटतो आणि पलीकडच्या गावात भुरभुर असते. मापक भुरभुरीच्या गावात असेल, तर फुटलेल्या ढगाची नोंद होत नाही.

पीकविम्याची कहाणी तर या लेखाच्या मुद्द्याचीच कहाणी आहे. आधीच्या सुधारित विमा योजनेत, कापून शेतात पसरलेल्या पिकाला चक्रीवादळी पावसापासून संरक्षण होते, पण फक्त किनारी भागांत. २०१६ साली प्रधानमंत्री पीकविमा योजनेने ते संरक्षण देशभर नेले. कापणीनंतर चौदा दिवसांपर्यंत चक्रीवादळ, वादळी पाऊस किंवा अवकाळीने कापलेले पीक गेले, तर ७२ तासांत कळवून दावा करता येऊ लागला. वादळ किनाऱ्यावर थांबत नाही, हे धोरणाने मान्य केले होते. ७२ तासांत कळवणे वाडीतल्या माणसाला जड होते, कंपन्यांकडून दावे अडत होते, सगळे खरे. पण उपाय होता तो कळवणे सोपे करण्याचा. २०२५ च्या खरिपापासून राज्याच्या सुधारित योजनेत काढणीपश्चात नुकसानीचा हा आधारच वगळला गेला आणि भरपाई कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नाशी जोडली गेली. कापणी प्रयोग उभ्या पिकावर होतो. कापल्यानंतर भिजलेले भात त्या सरासरीत कधीच दिसणार नाही. भातशेतीवर वादळाचा घाव नेमका जिथे बसतो, तिथलेच चिलखत काढून घेतले गेले आहे. हा निर्णय फिरवला पाहिजे, असे मला स्पष्टपणे वाटते.

आणखी एक आक्षेप उरतो. घरे पडतात, धान्य भिजते ते गरिबीमुळे. वादळाला दोष देऊन काय उपयोग? पक्के घर आणि गोदाम असते तर काहीच झाले नसते. बरोबर आहे, पण संकटाची व्याख्याच ती आहे. त्याच १७ मे २०२१ रोजी कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले आणि सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला. तरी काँक्रीटच्या घरातल्या मुंबईकराचे वर्षभराचे धान्य गेले नाही. तोच पाऊस त्याच्या निम्म्या, पावपट जोराने कुडाच्या घरावर पडला तरी वर्ष जाते. म्हणजे कमी जोराच्या वादळाने अधिक खोल नुकसान होते अशीच ठिकाणे आधी जपायला हवीत. गरिबी हटेपर्यंत वादळ थांबणार नाही. आणि मुंबईने तर या प्रश्नाकडे परक्याच्या नजरेने पाहूच नये. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे याच शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, आणि मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. बारवी धरणाचे पाणी औद्योगिक पट्ट्याला आणि शहरांना जाते. धरणांच्या या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. शहराने पाणी इथून घ्यायचे आणि वादळाचा इशारा मात्र शहरापुरता ठेवायचा, हे न्यायाला धरून नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती मी ठामपणे मांडतो. ठाणे जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात शहापूर आणि मुरबाड हे चक्रीवादळाचे तालुके म्हणून लिहिले जावेत. १० मे ते १५ जून आणि १ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर या दोन काळांत समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की कृषी विभागाने त्याच दिवशी वाडीवाडीत निरोप धाडावा, आणि त्यात शेतकऱ्याने काय करायचे ते लिहिलेले असावे. कापणीच्या काळात ग्रामपंचायतीकडे ताडपत्र्या असाव्यात आणि गावात एक उंच ओटा असावा, जिथे रचलेले भात झाकता येईल. पत्र्याच्या घरकुलांना छप्पर बांधायचे सामान घरकुलाच्या खर्चातच धरले जावे. भट्टीमालकांनी इशारा मिळताच मजुरांना पक्क्या इमारतीत हलवणे बंधनकारक असावे, आणि भिजलेल्या विटांचा भार मजुरांच्या बयाण्यावर पडू नये. पंचनाम्यात कसणाऱ्याचे नाव ग्रामसभेच्या साक्षीने लागावे. काढणीपश्चात नुकसानीचा विमा परत यावा. यातली एकही गोष्ट अशक्य नाही, बऱ्याचशा तर आज असलेल्या माणसांनी आणि यंत्रणेनेच होतील. अरबी समुद्र तापतो आहे आणि पुढचे वादळ येणार हे नक्की. ते कोणत्या किनाऱ्यावर चढेल हे आज सांगता येत नाही, पण ते मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येईल, आणि तेव्हा इथे छप्पर उघडे असेल किंवा भात आडवे पडलेले असेल, हे आजच सांगता येते. इतके आधी ठाऊक असलेल्या नुकसानीला नैसर्गिक आपत्ती म्हणून हात झटकण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.